जाळ्यात कासव आलं तर: तलावावर नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कुही तालुक्यातला तलाव आमच्या मच्छीमार संस्थेने ठेक्यावर घेतला, त्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. बाबांनी संध्याकाळी लावलेलं जाळं सकाळी सहाला ओढलं. तीन कतले आले, दोन रोहू आले, आणि एक कासव. मेलेलं. मान लांब झालेली, तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गळ्याभोवती तीन वेढे बसलेलं. बाबांनी ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रातच्याले एक फेरा मारला असता तं जगलं असतं."

मी संस्थेची नोंदवही सांभाळते आणि आठवड्यातले तीन दिवस नागपुरात असते. त्या सकाळनंतर दोन हंगाम आम्ही चुकत-माकत जे शिकलो, ते सलग कुठे लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. संस्थेचे नवे सभासद आणि वडिलांसोबत पहिल्यांदा डोंग्यात बसणारी पोरं हे माझ्या डोळ्यासमोर आहेत. रविवारी हौसेने गळ घेऊन निघणाऱ्या नागपूरकरांनाही यातलं बरंच कामी येईल.

समुद्रावर याला बायकॅच म्हणतात. हवा तो मासा सोडून जे जे जाळ्यात येतं ते सगळं: कासवं, डॉल्फिन, पिल्लं मासे, पक्षी. नागपूरपासून समुद्र लांब आहे, पण वैनगंगा, कन्हान आणि गावोगावचे तलाव जवळ आहेत आणि तंगूस सगळीकडे सारखंच आवळतं.

१. सगळ्यात आधी जाळ्याच्या खर्चाचं बोला

लोक मला विचारतात, कासव सोडवायचं कसं? मी उलट विचारते, जाळं कापलं तर पैसे कोण देणार? हे ठरलेलं नसेल तर पुढचं काहीच होत नाही. धीवराच्या घरात जाळं म्हणजे रोजचं जेवण. आम्ही पहिल्यांदा कापायची गोष्ट काढली तेव्हा एक काका म्हणाले, "बाई, जाळं कापशील तं नवं कोन घेऊन देईन?" त्यांचं चूक नव्हतं. कासवाचा जीव आणि पोरांचं पोट एकमेकांसमोर उभं केलं की माणूस पोटाकडेच बघणार.

हे समुद्रावर आधीच ओळखलं गेलं. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये योजना आणली. संरक्षित जीव जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर फाटलेल्या जाळ्यासाठी जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळते. सोडल्याचा फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो, आणि काम मत्स्यव्यवसाय विभाग व कांदळवन कक्ष मिळून बघतात. या योजनेमुळे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं आणि देवमाशाएवढे बहिरी मासे (व्हेल शार्क) सोडले गेले. योजना समुद्रातल्या मासेमारीसाठी आहे, तलावासाठी नाही. काहीजण आपल्यालाही पैसे मिळतील असं सांगत फिरतात, त्यांच्या भरवशावर जाळं कापू नका.

आम्ही काय केलं ते सांगते. दर शनिवारी हिशोब होतो तेव्हा प्रत्येक सभासदाकडून २० रुपये वेगळे काढायचे. डबा वेगळा, वहीतलं पान वेगळं. जिवंत प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर कापलेल्या भागाचं तंगूस आणि दोरी त्या डब्यातून आणायची. विणायला सगळ्यांनी बसायचं. पहिल्या हंगामात डब्यातून फक्त दोनदा पैसे काढावे लागले, कारण बहुतेक वेळा चार-पाच आसच (जाळ्याची घरंच) कापावे लागतात. पण डबा आहे हे माहीत असल्यामुळे कात्री काढताना हात थांबत नाही. पुढचं सगळं या डब्यावर उभं आहे.

२. डोंग्यात हे सामान ठेवा

- बोथट टोकाची कात्री. सुरी नको, हलत्या डोंग्यात ती कासवालाही लागते आणि आपल्यालाही
- लहान पक्कड आणि तार कापायचा कटर, गळासाठी
- जाड गोणपाट, दोन
- रुंद प्लास्टिकचं घमेलं किंवा टब, हवेसाठी भोकं पाडलेलं झाकण असेल तर उत्तम
- जाड हातमोजे
- साबण
- बॅटरी, कारण रात्रीचा फेरा चुकवायचा नाही
- वही-पेन, प्लास्टिकच्या पिशवीत

३. आपल्याकडे कोण कोण अडकतं

सगळ्यात जास्त येतं ते तलावातलं मऊ पाठीचं लहान कासव. पाठ घुमटासारखी, गुळगुळीत. उलटं करून पाहिलंत तर मागच्या पायांवर चामड्याची झाकणं दिसतात, पाय आत घेतले की ती बंद होतात. (पाहायला म्हणूनसुद्धा उलटं करू नका, फोटोत बघा.) हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. मारणं, विकणं, घरी ठेवणं यातलं काहीही केलं तर किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. "आमच्या आज्यापासून खातो" हे कोर्टात चालत नाही.

नदीवर आणि गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात, आंभोऱ्याकडे वगैरे, मोठं मऊ कासव येऊ शकतं. ताटापेक्षा मोठं, चपटं, सोंडेसारखं नाक. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. हे लीथचं कासव. जगात ते फक्त आपल्या द्वीपकल्पातल्या नद्यांत आहे. २०२२ मध्ये पनामात वन्यजीव व्यापारावरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे भारताच्या प्रस्तावावरून त्याला सगळ्यात कडक यादीत टाकलं गेलं. दिसलं तर समजा की आपल्या नदीत एक फार दुर्मीळ पाहुणा नाही, घरचाच माणूस आहे, आणि असे फार थोडे उरलेत.

तिसरं, काळपट, कडक पाठीचं, पाठीवर तीन कंगोरे असलेलं. हे तुलनेने शांत.

कासवांशिवाय पाणकावळे आणि टिबुकल्या. हे पक्षी माशामागे बुडी मारतात आणि जाळ्यातच राहतात. पाणदिवड साप तर पावसाळ्यात हमखास.

४. जाळं लावतानाच अर्धं काम करा

इथे थोडं जास्त लिहिते, कारण अडकल्यावर सोडवण्यापेक्षा अडकू न देणं कितीतरी सोपं आहे.

*वेळ.* कासव पाण्यात राहतं म्हणून पाण्यात मरत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते मुख्यतः फुफ्फुसाने श्वास घेतं. शांत बसलं असेल तर बराच वेळ खाली राहतं, पण जाळ्यात धडपडताना हवा लवकर संपते. पाणी कोमट असेल तर आणखी लवकर. आपल्याकडे मार्चपासून पाणी तापतं. आमचा नियम: जाळं पाण्यात असेल तर दर दोन तासांनी फेरा. रात्री जमणार नसेल तर रात्री जाळं लावायचं नाही, पहाटे चारला लावायचं आणि आठला काढायचं. मासा कमी येईल अशी भीती होती. थोडा कमी आलाही. पण मेलेला, फुगलेला मासा कमी झाला, आणि भोईपुऱ्याच्या बाजारात ताज्या मासोळीला जो भाव मिळतो त्याने भरून निघालं.

*ताण.* जाळं वरच्या दोरीला बांधताना ढिलं सोडू नका. ढिल्या जाळ्याला पोट सुटतं आणि त्या पोटात पाय, पंख, मान सगळं गुंततं. ताठ जाळ्यावर कासव आपटतं आणि बहुतेक वेळा वळून जातं. हे मला एका म्हाताऱ्या धीवराने सांगितलं होतं. मग मी शोधलं तर समुद्रावरही जाळ्याच्या बांधणीतला ढिलेपणा हे गुंतण्याचं एक मोठं कारण मानतात.

*आस.* आस मोजायचा तर जाळं ओलं करून ताणा आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर घ्या. मोठा आस घेतला की पिल्लं मासे सुटतात, पुढच्या वर्षीचं पीक वाचतं, म्हणून घ्याच. पण मोठ्या आसाने कासव सुटतं असं समजू नका. त्याची मान मोठ्या आसात उलट सहज शिरते. कासवासाठी वेळ आणि ताणच कामाचे.

*जागा.* पाळीच्या कडेचा चिखल, बेशरमाची झुडपं, पाण्यात वाकलेल्या फांद्या ही कासवांची ऊन खायची आणि लपायची ठिकाणं. तिथून चार-पाच डोंग्यांच्या लांबीएवढं दूर जाळं लावा. सकाळी अर्धा तास शांत बसून बघितलंत तर कुठे डोकी वर येतात ते कळतं.

*कड्यांचा सापळा.* लोखंडी कड्यांचं ते लांबट जाळं, ज्यात मासा आत जातो आणि परत येत नाही, ते सगळ्यात घातक, कारण पूर्ण बुडालेलं असतं. उपाय सोपा आहे: शेवटचं कडं बांबूला बांधून एक वीत पाण्याच्या वर ठेवा. कासव आत गेलं तरी तिथे येऊन श्वास घेतं. बांबू रोवायला जागा नसेल तर शेवटच्या कड्यात दोन रिकाम्या बाटल्या, बूच घट्ट लावून, आतल्या बाजूने बांधा, कडं तरंगतं. तलावाचं पाणी वर-खाली होतं, म्हणून बांबूपेक्षा मला बाटल्याच बऱ्या वाटतात. झिंगे किंवा लहान मासोळीसाठीच सापळा असेल, तर तोंडावर उभ्या दोऱ्या ताणून तोंड अरुंद करा. मोठं कासव शिरतच नाही. मोठा मासाही अडतो, हे खरं, तेव्हा रोहू-कतल्याच्या सापळ्याला हे करू नका.

हीच कल्पना समुद्रावर ट्रॉल जाळ्यात, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात, वापरतात. जाळ्याच्या नळीत तिरपी, गजांची चौकट बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवरून घसरत वरच्या भोकातून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल अशी चौकट बनवली आहे. ती सगळीकडे वापरली जात नाही, आणि कासवांच्या बचावाची व्यवस्था पुरेशी नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. तिथे नुकसान कोट्यवधींचं आहे. आपल्याला दोन बाटल्या बांधायच्या आहेत.

*गळ.* हौशी लोकांसाठी: कोंबडीची आतडी आमिषाला लावली की कासव हमखास येतं. कणकेचा गोळा लावा. ते कणीकही खातं, पण कमी. सरळ गळाऐवजी टोक आत वळलेला गोल गळ घ्या, तो घशात न जाता ओठात बसतो. गळ लावून चहाला जाऊ नका.

५. अडकलंच तर

क्रम मोडू नका.

आधी डोकं पाण्याच्या वर आणा. जाळं नंतर. दोन जण असाल तर एकाने जाळ्यासकट प्राणी वर धरायचा, दुसऱ्याने कापायचं.

कासवाला पाठीच्या मागच्या कडेला, मागच्या पायांजवळ, दोन्ही हातांनी धरा. मऊ कासवाची मान वाटते त्यापेक्षा खूप लांब आहे, ती बाजूला वळून बोटापर्यंत येते आणि चावा खोल असतो. शेपटीने कधी उचलू नका. डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं की शांत होतं.

गळ्याभोवतीचा वेढा आधी कापा, मग पुढचे पाय, मग मागचे. ओढून सोडवायचा प्रयत्न करू नका, तंगूस कातडीत शिरतं. सगळे तुकडे मोजून परत आणा. एक वेढा अंगावर राहिला तर कासव वाढतं आणि तो वेढा आत रुतत जातो.

गळ ओठात दिसत असेल तर काटा कटरने तोडा आणि उलट दिशेने काढा. गळ गिळलेला असेल तर ओढू नका. दोरी वीतभर बाहेर ठेवून कापा, पाठीला चिकटपट्टीने लावा आणि डॉक्टरकडे न्या. त्या दोरीवरूनच डॉक्टरांना गळ शोधायला मदत होते.

पक्ष्याच्या चोचीपासून चेहरा लांब ठेवा. पाणकावळा डोळ्यावर मारतो. पंख अंगाशी दाबून कापडात गुंडाळा, मग कापा.

साप असेल तर, पाणदिवड आहे अशी खात्री वाटली तरी, नव्या माणसाने हात लावू नये. जाळ्याचा तेवढा भाग कापून सावलीत ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.

चपळ, डोळे उघडे, पाय ओढून घेणारं कासव असेल तर त्याच पाण्यात, जाळ्यांपासून लांब, कडेला ठेवा. फेकू नका. स्वतः चालत जाऊ द्या. शेवटी साबणाने हात धुवा, कासवाच्या अंगावरून पोट बिघडवणारे जंतू येतात.

६. हलत नसेल तर मेलं समजू नका

आम्ही पहिलं कासव मेलं म्हणून पुरलं. आज मला वाटतं, निदान दोन तास थांबायला हवं होतं.

बुडालेलं कासव बेशुद्ध होतं आणि मेल्यासारखं दिसतं. डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकं बोट लावा, किंचित आकसलं तर जीव आहे. नाही आकसलं तरी पुढचं करा:

पोटावर ठेवा, पाठीवर कधीच नाही. मागची बाजू गोणपाटाची घडी घालून उंच करा, म्हणजे तोंडातून पाणी बाहेर येईल. मान हलकेच पुढे सरळ करा. सावलीत ठेवा, अंग ओलसर ठेवा, तोंडावर पाणी टाकू नका. समुद्रावर कासवांना असं २४ तासांपर्यंत ठेवायला सांगतात. बेशुद्ध असताना पाण्यात सोडलं तर पुन्हा बुडतं, हे लक्षात ठेवा. हीच चूक माया असलेले लोक सगळ्यात जास्त करतात.

७. कोणाला कळवायचं

वन विभागाची हेल्पलाइन १९२६. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी, गळ गिळलेलं, बेशुद्ध कासव तिथे जायला हवं, पण स्वतः गाडीत घालून निघण्याआधी वन विभागाला फोन करा. वाटेत कोणी अडवलं तर तुमच्याकडे अनुसूचीतला प्राणी आहे, आणि तो का आहे हे सांगणारी नोंद हवी.

पहिल्यांदा मी फोन केला तेव्हा एका ठिकाणी कोणी उचलला नाही, दुसऱ्या ठिकाणी तिसरा नंबर दिला. त्या पाऊण तासात कासव ट्रॅक्टरच्या पत्र्यावर उन्हात होतं, कारण माझं सगळं लक्ष फोनमध्ये. आधी सावली, मग फोन. तुमच्या गावच्या वनरक्षकाचा नंबर आजच घेऊन ठेवा, कासव येण्याची वाट बघू नका.

नेताना टबात पाणी भरू नका, ओलं गोणपाट खाली आणि वर. मे महिन्यात दुपारी नेऊ नका, पहाटे किंवा संध्याकाळी न्या.

जवळ ठेवायचे कागद:

- ठेक्याचा करारनामा, झेरॉक्स
- संस्थेचं सभासद ओळखपत्र
- आधार
- नोंदवही: तारीख, वेळ, जागा, कोणता प्राणी, जाळं कोणतं, जिवंत की मेलेला, कोणाला फोन केला, किती वाजता
- सोडतानाचा छोटा व्हिडिओ

मेलेल्या प्राण्याची नोंदही ठेवा आणि कळवा. लपवलेलं मेलेलं कासव कोणाला सापडलं तर शिकारीचा संशय तुमच्यावर येतो.

८. इथे लोक फसतात

बाजारात कोणी कासव विकताना दिसलं आणि दया आली म्हणून विकत घेऊन सोडलं, असं करू नका. विकणाऱ्याला पैसे मिळाले की उद्या तो दोन आणतो. वर खरेदीचा गुन्हा तुमचा. १९२६ ला कळवा.

देवळाच्या कुंडात किंवा घरच्या विहिरीत सोडू नका. ज्या पाण्यातलं, त्या पाण्यात.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवट कासव आलं, तर ते आपलं नाही. ॲक्वेरियमच्या दुकानातलं परदेशी कासव कोणीतरी कंटाळून तलावात टाकलेलं असतं. ते आपल्या कासवांचं खाणं आणि जागा खातं. ते मात्र परत पाण्यात सोडायचं नाही, वन विभागाला द्यायचं.

व्हिडिओ काढा, पण तलावाचं नाव घालून टाकू नका. मऊ कासवांची चोरटी शिकार होते. आमच्या एका पोराने उत्साहाने जागेसकट टाकला, आणि पंधरा दिवसांत पाळीवर अनोळखी माणसं रात्री फिरताना दिसली.

९. उन्हाळ्यात जुनी जाळी काढा

तंगूस कुजत नाही. सोडून दिलेलं जाळं पाण्यात वर्षानुवर्षं प्राणी धरत राहतं आणि ते काढायला कोणी येत नाही. संक्रांतीनंतर नागपूरच्या झाडांवर नायलॉन मांजा लटकतो आणि पक्षी अडकत राहतात, तसंच पाण्याखाली. गोसेखुर्दच्या फुगवट्यात बुडालेली झाडं आहेत, त्यांना जाळी अडकतात आणि लोक तोडून निघून जातात.

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की खुंट उघडे पडतात. तेव्हा दोन सकाळ काढा. कोरड्या पडलेल्या चिखलात फावडं मारू नका, लहान मऊ कासवं उन्हाळा चिखलात गाडून घेऊन काढतात. जाळी हाताने सोडवा, कापा, गोणीत भरा. जाळू नका. आणि आपल्या जाळ्याच्या दोन्ही टोकांना ओळखीची खूण बांधा. आमच्याकडे प्रत्येक घराचा रंग वेगळा आहे, जुन्या साडीची पट्टी. मागच्या वर्षी आम्ही सहा गोण्या जाळी काढली, त्यात आमच्या दोन घरांच्या पट्ट्याही निघाल्या. बाबांची पट्टी निळी आहे. ती त्यातली एक होती, आणि त्या दिवशी वहीत तीही लिहून ठेवली.